ताकदीची बाटली

"डॉक्टर, अंगात काही ताकदच राहिली नाही बघा. एखादी बाटली लावा."

आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून पाहा, हे वाक्य दोन-चार वेळा तरी कानावर येतेच. बाटली म्हणजे सलाईन. ताप उतरल्यावर बाटली, लग्नघरातली दगदग झाली की बाटली, सुगी संपली की बाटली. काही घरांत तर सणाआधी सुनेला एक आणि सासूला एक अशा दोन बाटल्या लावून आणायची पद्धतच पडून गेली आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या बाटलीत ताकद नसते. ती लावून घेणारी माणसे मूर्ख नसतात, आणि लावणारे सगळे डॉक्टर लुटारूही नसतात. खरी अडचण अशी की शरीरात ऊर्जा साठते कशी आणि मोकळी होते कशी, ही एवढी मोठी गोष्ट आपण दहावीच्या पुस्तकात कोंडून ठेवली आहे. ती घरात, स्वयंपाकघरात, माजघरात कधी आलीच नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलात, तुम्हाला पेशींचे काय कळते? प्रश्न रास्त आहे. पण विज्ञान मराठीतून समजावे म्हणून धडपडायला विज्ञानाची पदवी लागतेच असे नाही. आणि निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो, नातवंडांची पुस्तके हाताशी असतात.

आधी बाटलीचा हिशेब करू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. त्यातली ऊर्जा शून्य. दुसरी असते ती ग्लुकोजची, पाच टक्क्यांची. तिच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम ग्लुकोज. त्यातून मिळणार शंभराच्या आतबाहेर कॅलरी, म्हणजे एका लहानशा ज्वारीच्या भाकरीइतक्या. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला दोन हजारांच्या वर कॅलरी लागतात. तेवढ्या या बाटलीतून द्यायच्या म्हटल्या तर वीस बाटल्या, म्हणजे दहा लिटर पाणी शिरेतून चढवावे लागेल! एका भाकरीसाठी आपण दोन दिवसांची मजुरी मोजतो आणि वर सुई टोचून घेतो.

कधी कधी त्या बाटलीत एक पिवळे इंजेक्शन सोडतात. पिवळे दिसले की पेशंटला फार बरे वाटते. तो पिवळा रंग बहुधा रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा असतो. हे जीवनसत्त्व पेशीतल्या ऊर्जेच्या कामाला लागते हे अगदी खरे. पण शरीरात त्याची कमतरता नसेल तर जास्तीचे रायबोफ्लेविन काही तासांत लघवीवाटे निघून जाते. लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळेच.

आता मुख्य प्रश्न. मग ताकद असते कुठे?

आपल्या डोळ्यांसमोर असे चित्र असते की अन्नात ताकद भरलेली असते, डब्यात लाडू भरावेत तशी. आपण खातो आणि ती अंगात जाते. हे चित्र अर्धेच खरे आहे. चुलीशेजारी लाकडांची मोळी पडलेली असते. तिच्यात आच आहे का? आहे म्हणावे तर हात लावला की गारच लागते. ती आच लाकूड आणि हवा यांची गाठ पडल्यावर निघते. चुलीत लाकडे कोंबून भरली आणि हवा जायला जागाच ठेवली नाही तर नुसता धूर होतो. आजी फुंकणी घेऊन बसायची ती काही उगीच नाही. साखरेचे आणि तेला-तुपाचे असेच आहे. ऊर्जा एकट्या साखरेत नसते, ती साखर आणि प्राणवायू या जोडीत असते. दोघांची गाठ पडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ही नवी घडण जुन्यापेक्षा अधिक स्थिर असल्यामुळे मधली ऊर्जा मोकळी होते. "बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते" असे आपण सर्रास म्हणतो, पण बंध तोडायला उलट ऊर्जा खर्चावीच लागते. नवे, अधिक पक्के बंध जुळतात तेव्हा तिची भरपाई होऊन वर शिल्लक उरते.

पेशीत मात्र जाळ करता येत नाही. तिथे हेच काम लहान लहान पायऱ्यांनी होते. ग्लुकोजचे आधी पेशीद्रवात दोन तुकडे होतात. या टप्प्याला प्राणवायू लागत नाही, पण हाती लागतात फक्त दोन एटीपी. पुढचे काम तंतुकणिकेत होते, आणि त्याला प्राणवायू हवाच. तो मिळाला तर त्याच एका ग्लुकोजपासून एकूण तीस ते बत्तीस एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा अडतीस असायचा, आता तो इतकाच धरतात. प्राणवायू असला आणि नसला यात पंधरापटीचा फरक आहे, हे ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहे.

तंतुकणिकेतले हे काम कसे चालते ते फार सुंदर आहे. कोयनेला शिवसागर जलाशयात पाणी अडवतात आणि ते पोफळीला खाली सोडून चाके फिरवतात. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला अन्नातल्या ऊर्जेच्या जोरावर हायड्रोजनचे धन कण असेच तुंबवले जातात. ते परत आत येतात ते एका इवल्याशा चाकातून, आणि ते चाक एकदा फिरले की तीन एटीपी तयार होतात. पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ही तुंबवण्याची कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा फारसे कुणाला ती पटली नाही. त्याने कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा थाटून काम चालू ठेवले, आणि १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. ते चाक खरोखर फिरते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले.

एटीपी म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. त्याच्या शेपटाला तीन फॉस्फेट एकापुढे एक असतात. तिन्हींवर ऋण भार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत असतात. पाण्याच्या संगतीने शेवटचा फॉस्फेट सुटला की सगळी मंडळी अधिक निवांत अवस्थेत जातात, आणि त्या फरकावर पेशी आपले काम करून घेते. स्नायू आखडायचा तर एटीपी, सैल सोडायचा तरी एटीपीच. मेलेल्या माणसाचे हातपाय काही तासांनी ताठ होतात ते यामुळेच. सोडायलाही ताकद लागते, आणि ती संपलेली असते.

पुस्तकात एटीपीला 'ऊर्जेचे चलन' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण चलन म्हटले की आपल्याला तिजोरी आठवते, आणि तिथे घोटाळा होतो. एटीपी साठवून ठेवायची वस्तूच नाही. एका वेळी सगळ्या शरीरात मिळून ते जेमतेम पाच-दहा तोळे असते. जोराने पळणाऱ्या स्नायूतले एटीपी दोन-चार सेकंद पुरेल इतकेच. पण दिवसभरात जेवढे बनते आणि मोडते त्याचे वजन केले तर ते जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरेल. तोच रेणू शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जुळतो. हा खिशातला सुट्टा पैसा आहे, आला की गेला.

साठवण निराळी असते. यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या चौपटीच्या आसपास ग्लायकोजेन असते. ते साधारण दिवसभराची तजवीज. खरे कोठार चरबीचे. एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी असतात, पिठूळ आणि गोड पदार्थांत चार. शिवाय ग्लायकोजेन आपल्याबरोबर तिप्पट पाणी बाळगते, चरबी ते ओझे घेत नाही. अंगावर दहा किलो चरबी असलेल्या माणसाकडे नव्वद हजार कॅलरी जमा असतात. चारचौघींसारख्या बांध्याच्या बाईकडे एवढा साठा सहज असतो.

मग अशा बाईला जिना चढताना धाप का लागते? पाण्याचा हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी का येते? कोठार भरलेले आहे, लाकडांची मोळी चुलीशेजारी पडलेली आहे. कमी पडते आहे ती हवा.

प्राणवायू पेशीपर्यंत नेते ते रक्तातले हिमोग्लोबिन, आणि त्याला लोह लागते. एवढेच नव्हे, तर तंतुकणिकेतल्या ज्या प्रथिनांच्या साखळीतून हे कण तुंबवले जातात त्यांतल्या कित्येकांच्या पोटातही लोहच असते. लोह कमी म्हणजे हवा पोचवणाराही दुबळा आणि चूलही अधू. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. म्हणजे दवाखान्यात बाटली मागायला आलेल्या दोन बायकांपैकी एकीला तरी तो असण्याची दाट शक्यता. तिला आपण काय देतो? मिठाचे पाणी! फार तर एका भाकरीचे ग्लुकोज. हवेवाचून विझत आलेल्या चुलीत आणखी एक काटकी.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या एका मावशींनी वर्षभरात चार-पाच बाटल्या लावून घेतल्या. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. शेवटी आमच्या सौ. त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन निघाले सात पूर्णांक आठ; बाईला बारा तरी हवे. तोपर्यंतच्या बाटल्या लावताना रक्त तपासावे असे कुणालाही वाटले नव्हते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन महिने नेमाने घेतल्या, आणि एरवी दर जिन्यावर टेकणाऱ्या मावशी न टेकता वर येऊ लागल्या. त्या गोळ्यांना एक पैसाही पडला नाही.

पण मी त्यांना विचारले, "बाटली लावल्यावर बरे का वाटायचे हो?" त्यांचे उत्तर माझ्या मनातून जात नाही. म्हणाल्या, "गुरुजी, दोन तास कुणी उठवत नाही ना."

बाटलीची खरी ताकद ही आहे. ज्या बाईला घरात दुपारी पाठ टेकायची मुभा नाही, 'मला बरे वाटत नाही' म्हटले तर 'सोंग करते' असे ऐकून घ्यावे लागते, तिला हाताला सुई लावली की दोन तास पडून राहता येते. नवरा शेजारी बसतो. कुणीतरी चहा आणते. सुई म्हणजे आजारी असल्याचा दाखला. तेव्हा बाटली मागणाऱ्या बाईला हसण्याआधी आपण आपल्या घराकडे पाहिले पाहिजे. विश्रांतीसाठी तिला पैसे मोजावे लागतात, ही लाज तिची नाही.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. एका डॉक्टरने समजावून परत पाठवले तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो आणि वर सांगतो, 'त्या डॉक्टरला काही येत नाही.' असे असले तरी, हिमोग्लोबिन न पाहता अशक्तपणावर बाटल्या लावत राहणे मला पटत नाही. गिऱ्हाईक मागते म्हणून द्यायला ते काही वाण्याचे दुकान नव्हे. त्यात मधुमेहाचा माणूस असेल तर विचारूच नका. त्याच्या रक्तात ग्लुकोज उतू जात असते आणि तरी ते पेशीत नीट शिरत नाही म्हणून तो थकलेला असतो. त्याच्या शिरेत आणखी ग्लुकोज! थायरॉईड, क्षय, मनाची उदासी, अशी थकव्याची कारणे अनेक आहेत, आणि यांतल्या एकावरही बाटली हे औषध नाही. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकले, तोंडाने पाणी ठरत नाही, शस्त्रक्रिया आहे, डेंग्यूत रक्तदाब उतरतो आहे, तिथे हीच बाटली प्राण वाचवते. तिथे ती घेतलीच पाहिजे. पण ते काम पाण्याचे आणि क्षारांचे आहे, ताकदीचे नव्हे.

आता थोडा इतिहास, कारण तो माझा विषय. स्नायूंना ऊर्जा कुठून मिळते हे कोडे १९२० च्या दशकात मोठमोठ्यांना पडले होते, आणि लॅक्टिक आम्लाचा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य होता. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका भारतीयाने १९२७ मध्ये स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन शोधले आणि त्या सिद्धांताला धक्का दिला. पुढे १९२९ मध्ये याच दोघांना एटीपी सापडले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. हा भारतीय म्हणजे येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातले भीमावरम. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात गांधीजींच्या स्वदेशीमुळे खादी घालून वावरला, तिथल्या इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली, आणि पूर्ण पदवीऐवजी खालच्या दर्जाच्या पदविकेवर समाधान मानावे लागले. अमेरिकेत सुरुवातीला इस्पितळात हमालकाम करून पोट भरले. हार्वर्डने कायमची जागा दिली नाही म्हणून १९४० मध्ये तो लेडर्ली या औषध कंपनीत गेला.

पुढचा भाग मला कुठल्याही कादंबरीहून मोठा वाटतो. सुब्बारावचे दोन भाऊ तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेले होते. या आजारात रक्तही घटते. लेडर्लीत त्याच्या देखरेखीखाली १९४५ मध्ये जे फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले, ते याच स्प्रूवर आणि त्यातल्या रक्तक्षयावर उपयोगी पडले. आणि या फॉलिक आम्लाचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत! ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातले ते अज्ञात द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. गिरणगावच्या बाईचा थकवा हाच त्या शोधाचा आरंभ होता.

२०१३ पासून देशभरच्या शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देण्याचा कार्यक्रम आहे. तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते. म्हणजे बघा, दहावीच्या वर्गात एका मुलीच्या बाकावर एटीपीचा धडा उघडलेला असतो आणि त्याच बाकावर निळी गोळी असते. ज्या माणसाने एटीपी शोधले त्याच्याच देखरेखीत त्या गोळीतला एक घटक पहिल्यांदा तयार झाला. धडा सांगतो प्राणवायू का लागतो, गोळी तो पोचवायची सोय करते. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्या मुलीला कोण सांगते? धडा पाठ होतो, परीक्षेत 'एटीपीला काय म्हणतात?' याला एक गुण मिळतो, आणि गोळी मळमळते म्हणून खिडकीतून बाहेर जाते.

मला राग येतो तो इथे. आपण ज्ञान दिले, गोळीही दिली, पण दोन्हींची गाठ घालून दिली नाही.

म्हणून माझे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगणे आहे की तो धडा गोळीच्या दिवशीच शिकवा. सलाईनच्या बाटलीवरची चिठ्ठी वर्गात वाचून घ्या, पाच टक्के म्हणजे किती ग्रॅम याचे गणित मुलांना करू द्या. सुब्बाराव आणि ल्युसी विल्स यांची गोष्ट सांगा, ती पोरे विसरणार नाहीत. गोळी जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ कमी, शौच काळे होते त्याला भिऊ नका, लिंबू-आवळ्याने लोह चांगले मुरते आणि चहाने अडते म्हणून जेवणाला लागून चहा नको, हेही सांगा. ही मुलगी संध्याकाळी घरी जाऊन आईला म्हणाली पाहिजे, "आई, बाटली नको, आधी रक्त तपासू. आणि तोवर तू जरा पड, भाकरी मी टाकते."

आणि ते 'पड' म्हणायला मुलीनेच का यावे लागावे? घरात बाकीचेही आहेत की.